विजेची मोटार आणि मोठपासूनचा हिशेब

कानपूरहून झाशीस येणारा रस्ता सुमारे २२० किलोमीटर लांबीचा आहे. काल्पीजवळ यमुना ओलांडून व उरई मागे टाकून प्रवासी झाशी जिल्ह्यातील मोठ या गावी पोहोचतो, तेव्हा झाशी सुमारे ५० किलोमीटर उरलेली असते. विजेच्या मोटारीने येणाऱ्यास या ठिकाणी एक प्रश्न पडतो: बॅटरीत शिल्लक असलेली वीज झाशीपर्यंत पुरेल काय? त्याचे उत्तर दैवावर सोपविण्याचे कारण नाही; ते साध्या गणिताने काढता येते.

विजेचे माप किलोवॉट-तास हे होय. व्यवहारात त्यालाच ‘युनिट’ म्हणतात. उदाहरणादाखल ४० युनिटांचा साठा असलेली आणि प्रवाशांसह १,७०० किलोग्रॅम वजनाची एक मोटार घ्यावी. सपाट रस्त्यावर तिला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. पहिला विरोध चाकांचा. तो वेगाबरोबर फारसा वाढत नाही. दुसरा हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० वरून १०० किलोमीटर केला, म्हणजे सव्वापट केला, तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. दोन्ही विरोध, यंत्रातील नाश आणि वातानुकूलनाची वीज यांचा मेळ घातल्यास दर १०० किलोमीटरांस ताशी ६० च्या वेगाने सुमारे ११, ८० च्या वेगाने १४ आणि १०० च्या वेगाने १७ युनिटे लागतात.

कानपूरपेक्षा झाशी सुमारे १५० मीटर उंचावर आहे. हा चढ पुष्कळांना भयावह वाटतो. परंतु सबंध प्रवासात त्यासाठी जेमतेम पाऊण युनिट खर्ची पडते. ब्रेक लावताना मोटारीचे चलित्र जनित्राचे काम करते व थोडी वीज परत मिळवून देते. मात्र मोकळ्या महामार्गावर त्याचे प्रसंग थोडेच येतात. तेव्हा खर्चाची किल्ली वेगातच आहे.

आता मोठपासूनचा हिशेब पाहावा. कानपूरहून भरलेली बॅटरी घेऊन निघालेल्या मोटारीजवळ, ती ताशी ८० च्या वेगाने आली असल्यास, येथे सुमारे १६ युनिटे उरतात. ताशी १०० च्या वेगाने आली असल्यास केवळ ११. झाशीपर्यंत त्याच वेगाने आणखी साडेआठ युनिटे लागणार. म्हणजे मोटार कशीबशी पोहोचेल. पण उन्हाळ्यात बुंदेलखंडात पश्चिमेकडून लू वाहते, आणि रस्ता तर नैर्ऋत्येकडे जातो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर मोटारीच्या दृष्टीने हवेचा वेग १०० नसून १२० होतो. मग ५० किलोमीटरांस ११ युनिटे लागतील आणि मोटार झाशीच्या अलीकडेच थांबण्याची भीती राहील. तोच वेग ६० वर आणला, तर त्याच वाऱ्यात ७ युनिटे पुरतात व चार शिल्लक राहतात. उशीर होतो तो २० मिनिटांचा.

दुसरा मार्ग वाटेत वीज भरण्याचा. ३० किलोवॉटच्या केंद्रावर १० युनिटे भरण्यास सुमारे २० मिनिटे लागतात. घरगुती १५ अँपिअरच्या जोडणीवर, सुमारे ३ किलोवॉटने, तेवढ्याचसाठी तीन तासांहून अधिक. शिवाय बॅटरी सर्वकाळ सारख्या गतीने भरत नाही. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात. जागा भरत आल्यावर प्रवाह कमी न केल्यास लिथियम धातुरूपाने पृष्ठभागावर साचू लागते व बॅटरीस अपाय होतो. म्हणून शेवटचा पाचवा हिस्सा सावकाश भरावा लागतो. प्रवासात ८० टक्क्यांपर्यंत भरून पुढे निघणे हेच वेळेच्या दृष्टीने हितावह. बॅटरी फार तापली असल्यासही नियंत्रक यंत्रणा प्रवाह कमी करते. तेव्हा मे महिन्याच्या दुपारपेक्षा पहाटेचा प्रवास श्रेयस्कर.

मोठहून झाशीकडे जाताना वाटेत बेतवाकाठी परीछा येथील औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश भागाचीच वीज होते. तारांतून येताना व बॅटरीत भरताना आणखी काही हिस्सा वाया जातो. यास्तव चाकापाशी वाचविलेले प्रत्येक युनिट भट्टीपाशी तीन युनिटांहून अधिक उष्णता वाचविते. वेग थोडा आवरल्याने प्रवासी झाशीस निश्चितपणे पोहोचतो, आणि देशाचा कोळसाही वाचतो.