घर आवरा, मग धंदा मांडा: एकेका खोलीतला पसारा कसा काढायचा



व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आजचा धडा इथे सविस्तर लिहितेय. विषय वाचून काहींना वाटेल, ही आता घरकाम शिकवायला लागली की काय? तसं नाही. "मॅडम, घरून व्यवसाय सुरू करायचाय, पण जागाच नाही," हे वाक्य माझ्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी बोलतंच. मी फक्त एवढंच विचारते, "माळ्यावर काय काय आहे?" मग सगळेच हसतात.

माझंही असंच होतं. आज बाजारपेठेत माझं कुर्त्यांचं दुकान आहे, पण पहिली दोन वर्षं मी घरूनच विकत होते. दोन बेडरूमचा फ्लॅट आणि माणसं सहा. माल पलंगाखाली ठेवायचे. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि खालच्या खोक्यातल्या ३४ कुर्त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडले. एक कुर्ती ४५० रुपयांना घेतलेली, म्हणजे १५,३०० रुपये पाण्यात. आणि त्याच वेळी वरच्या कोरड्या माळ्यावर काय होतं? बंद पडलेला मिक्सर, कडी तुटलेल्या दोन सुटकेस, मुलाचा पाळणा आणि टीव्हीचं रिकामं खोकं. तो टीव्ही आम्ही कधीच विकून टाकला होता!

बीबीएला असताना 'डेड स्टॉक' म्हणजे काय, याचं उत्तर मी पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ त्या दिवशी कळला.

आधी जागेचं भाडं काढा

समजा घर ६०० चौरस फुटांचं आहे आणि भाडं महिना १२,००० रुपये. म्हणजे एका चौरस फुटाचे महिन्याला २० रुपये झाले. हॉलमध्ये सहा बाय चारचा दिवाण आहे, त्यावर कोणी झोपत नाही, नुसते कपडे पडलेले असतात. तो २४ चौरस फूट जागा अडवतो. महिन्याचे ४८० आणि वर्षाचे ५,७६० रुपये. घर स्वतःचं असलं तरी हिशोब हाच, कारण तीच जागा बाहेर घ्यायची झाली तर पैसे मोजावेच लागतील.

"असू दे, कधीतरी लागेल," असं म्हणताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा. काही वस्तू तरीही ठेवाव्याशा वाटतील. जरूर ठेवा. फक्त किंमत माहीत असू दे.

चार ढीग करा

कुठल्याही खोलीत वस्तूंचे चारच ढीग करायचे:

१. ठेवायचं
२. कोणाला तरी द्यायचं
३. विकायचं किंवा भंगारात घालायचं
४. ठरत नाही

चौथ्या ढिगासाठी एकच खोकं घ्या, त्यावर आजची तारीख लिहा आणि चिकटपट्टी लावा. तीन महिन्यांत ते उघडावं लागलं नाही, तर त्यातल्या वस्तूंशिवाय तुमचं चालतं हे समजून जा. मात्र कागदपत्रं आणि दागिने या खोक्यात कधीच टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: मालकाला विचारा

हा नियम मी चूक करून शिकले. कुर्त्या खराब झाल्यावर मी इतकी चिडले होते, की एका रविवारी सगळे लग्नाला गेलेले असताना माळा रिकामा करून भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यात सासूबाईंचा जुना पितळी सोऱ्या होता. दट्ट्या घट्ट बसायचा, वापरात नव्हता, म्हणून गेला वजनावर.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अगं, त्या सोऱ्यावर चकल्या पाडून विकायचे मी. धाकट्याची दोन वर्षांची फी त्यातूनच भरली होती."

मी तशीच भंगारवाल्याकडे पळाले. माल पुढे गेला होता.

घरात व्यवसाय सुरू करणारी मीच पहिली, असं मला वाटायचं. माझ्या आधी त्याच ओट्यावर एक बाई धंदा करून गेली होती आणि तिचं यंत्र मी किलोच्या भावाने विकून आले. पुढचे कित्येक महिने त्या माझ्या खोक्यांना हात लावायच्या नाहीत. पार्सल घ्यायला कोणी आलं तर, "सूनबाई आल्यावर या," म्हणून परत पाठवायच्या. यात नुकसान कोणाचं झालं, ते तुम्हीच ठरवा.

दुकानातल्या मालाचा मालक एकच असतो, घरातल्या प्रत्येक वस्तूचा मालक वेगळा. स्वतःच्या वस्तूंपासून सुरुवात करा. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी "आई, हे ठेवायचंय का?" एवढं विचारा. 'हो' म्हणाल्या तर ठेवा. वाद घालू नका.

आता एकेक खोली घेऊ

क्रम महत्त्वाचा आहे. जिथे आठवणी कमी, तिथून सुरू करायचं आणि माळा सगळ्यात शेवटी.

*बाथरूम आणि औषधांचा डबा:* अर्ध्या तासाचं काम. मुदत संपलेली औषधं, सुकलेल्या क्रीमच्या ट्यूब आणि हॉटेलातून आणलेले साबण काढा. लगेच फरक दिसतो, त्यामुळे हुरूप येतो.

*स्वयंपाकघर:* प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहा. जुनं पुढे, नवीन मागे. आधी आलेलं आधी संपलं पाहिजे, किराणा दुकानाचाही हाच नियम. झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं शोधा, कोणत्याही घरात अर्धं टोपलं निघतं. मसाले, लाडू, चटण्या विकायचा विचार असेल, तर घरचं सामान आणि धंद्याचं सामान पहिल्या दिवसापासून वेगळ्या फळीवर ठेवा. नाहीतर नफा झाला की तोटा, हे कधीच कळणार नाही. आणि घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

*हॉल:* बिलं, चार्जर, किल्ल्या, पत्रिका असं सगळं इथे येऊन पडतं. दाराजवळ एक ट्रे ठेवा आणि दर रविवारी तो रिकामा करा. बंद मोबाईल आणि वायरी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

*बेडरूम:* कपडे आधी स्वतःचे काढा. वर्षभरात एकदाही न घातलेले बाजूला करा. सुती साड्यांच्या गोधड्या होतील, बाकीच्या बोहारणीला द्या. इथेच तुमच्या मालाचा कोपरा निघेल. माल जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचा. मी हे १५,३०० रुपये मोजून शिकले, तुम्ही फुकट शिका.

*माळा:* दोघंजण असल्याशिवाय चढू नका. इथे फक्त वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू राहू द्या: गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील, फराळाची मोठी पातेली. प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवा. तांब्या-पितळेचं काही निघालं तर आधी घरातल्या मोठ्यांना दाखवा. का, ते वर सांगितलंच आहे.

रोज लागणारी वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, आठवड्याला लागणारी त्याखाली, वर्षाला लागणारी सगळ्यात वर. दुकानातल्या रॅकलाही मी हाच नियम लावते.

कागदपत्रं खोलीप्रमाणे नकोत

जपानच्या मारी कोंडो खोलीऐवजी प्रकारानुसार आवरायला सांगतात. एकत्र कुटुंबात सगळ्यांचे कपडे एकाच दिवशी काढणं मला तरी जमलं नाही. पण कागदांसाठी तीच पद्धत बरोबर आहे. घरभरचे कागद एका ठिकाणी आणा आणि पाच फायली करा: घर-जमीन, बँक-विमा, शिक्षण, आरोग्य, व्यवसाय.

खरेदीखतासारखी मूळ कागदपत्रं फोटो काढून ठेवला म्हणून फेकायची नाहीत. जीएसटी नोंदणी असेल, तर हिशोबाच्या वह्या आणि बिलं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जुन्या ट्रंकेत शेअरची कागदी प्रमाणपत्रं सापडली, तर ती रद्दीत घालू नका. ते शेअर विकायचे झाले तर आधी डिमॅटमध्ये आणावे लागतात, पण त्यांना किंमत असू शकते.

आवरलेलं टिकवायचं कसं?

जपानी कारखान्यांतून आलेली '५ एस' पद्धत व्यवसायात फार वापरली जाते. निवडा, जागेवर लावा, स्वच्छ करा, पद्धत ठरवा आणि शिस्त पाळा, असे ते पाच टप्पे. आपण दिवाळीला पहिले तीन करतो आणि थांबतो. म्हणून होळीपर्यंत पसारा परत येतो. आमच्या घरी साधा नियम आहे: एक वस्तू आत आली की तशीच एक बाहेर. आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, सगळ्यांनी मिळून.

तेव्हा माळ्यावर जी जागा निघाली, तिथे मी १२० कुर्त्या ठेवू शकले. गोदाम भाड्याने घ्यावं लागलं नाही. पण खरा बदल पुढच्या दिवाळीत झाला. त्या वेळी मी आवराआवर सासूबाईंना विचारून केली. त्या खुर्ची टाकून बसल्या, मी एकेक वस्तू दाखवत गेले. माझ्या अंदाजापेक्षा त्यांनीच जास्त सामान काढायला सांगितलं! आज दुकानाची स्टॉकची वही त्याच लिहितात. सोऱ्या मात्र परत मिळाला नाही. नवीन आणला, पण त्या म्हणतात, "याची चकली तशी पडत नाही."

या आठवड्याचा गृहपाठ

१. घराच्या एका चौरस फुटाचं महिन्याचं भाडं काढा.
२. जास्त जागा अडवणाऱ्या आणि न वापरलेल्या पाच वस्तू वहीत लिहा, प्रत्येकीपुढे वर्षाचं भाडं लिहा.
३. प्रत्येक वस्तूपुढे मालकाचं नाव लिहा आणि त्या माणसाशी बोला.
४. फक्त एक खोली आवरा. एकच.

रिकामी झालेली जागा मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या धड्यात त्या जागेत किती रुपयांचा माल भरायचा, ते शिकू.