आधी बोट, मग झारी

अगं, काल तू पाठवलेला मोगऱ्याचा फोटो मी रात्री परत उघडून पाहिला. खालची पानं पिवळी, शेंडे मान टाकलेले, आणि माती मात्र काळीशार ओली. "ताई, रोज न चुकता पाणी घालते गं, तरी असं का?" असं तू विचारलंस. त्या 'रोज न चुकता'मध्येच सगळं आलं.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतून मुळांना हवा मिळते. पहिलं पाणी जिरायच्या आत दुसरं ओतलं की त्या पोकळ्या भरून जातात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही तहानल्यासारखं दिसतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण आणखी घालतो. माझी लग्नानंतरची पहिली तुळस अशीच गेली. आषाढ-श्रावणातसुद्धा मी पूजेचं म्हणून तिला रोज तांब्याभर पाणी घालत होते. अजून चुटपुट लागते. आताच्या तुळशीला पावसाळ्यात मी पळीभरच पाणी वाहते, आणि ती छान आहे.

शेतकरी 'वाफसा' म्हणतात ना, तो शब्द मनात धर. पाऊस उघडला म्हणून कोणी लगेच औत घालत नाही. मूठभर माती दाबून बघतात. गोळा झाला आणि अंगठ्याने टोकरताच फुटला, तर वाफसा आला, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही. हाताला चिकटून चिखल राहिला तर थांबायचं. गोळाच होत नसेल, भुरभुर सांडत असेल, तर माती कोरडी. कुंडीतल्या मातीलाही हेच लागू.

कुंडीत मूठ घालता येत नाही, म्हणून बोट घाल. खोडापासून जरा लांब, दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण दोन इंच. आत गार लागलं आणि बाहेर काढल्यावर बोटाला माती चिकटून आली, तर झारी खाली ठेव. बोट कोरडं आलं तर पाणी दे. वरवर बघून ठरवू नकोस. कोकोपीट तर फारच फसवतं, वरून फिकट पडतं आणि आत ओलं असतं. कुंडी खोल असेल तर बांबूची काडी तळापर्यंत खुपस, दहा मिनिटांनी काढ. केक झाला का बघायला आपण सुरी खुपसतो ना, तसंच. काडी जिथपर्यंत गडद झाली, तिथपर्यंत ओल.

उचलता येतील अशा कुंड्या उचलूनच बघ. भरपूर पाणी दिल्यावर एकदा उचल, ते वजन हाताला कळू दे. चार दिवसांनी पुन्हा उचल, फरक लगेच समजेल. मातीच्या कुंडीवर बोटाने टिचकी मार. माठ घेताना वाजवतो तशी ती कोरडी असली की खणखणते, ओली असली की बद्द वाजते. दोन दांड्यांचं ते ओलावा मोजायचं यंत्र मात्र घेऊ नकोस. खतातल्या क्षारांनी त्याचा काटा चुकतो, भुसभुशीत मातीतही तो नीट दाखवत नाही.

आणि सगळ्या झाडांना एकच वेळापत्रक नको गं. चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या उन्हातल्या मातीच्या कुंडीतला मोगरा दिवसातून दोनदाही पाणी मागेल, कारण मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. तोच प्लॅस्टिकच्या कुंडीत, सावलीत असेल तर तीन दिवस मागणार नाही. कोरफड, जेड, स्नेक प्लांट यांची माती पार तळापर्यंत सुकू दे. जास्वंद भर दुपारी मलूल दिसली तर घाबरू नकोस. आधी बोट घालून बघ, ओल असेल तर संध्याकाळी ती आपोआप ताठ होते.

पाणी द्यायचंच ठरलं, तर पेलाभर नको. खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत दे, सकाळी दे, आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी ओतून टाक. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि तुझ्याकडे लहान मूल आहे. एखादी कुंडी इतकी सुकली असेल की पाणी कडेकडेनं सरळ खाली पळतंय, तर ती बादलीत बसव. बुडबुडे थांबले की काढ.

आता तुझा मोगरा. आज पाणी नको. कुंडीचं भोक मुळांनी किंवा मातीने बुजलंय का बघ. मग कुंडी आडवी करून मातीचा गोळा हळूच बाहेर काढ. पांढरट, टणक मुळं जिवंत असतात. काळपट, दाबली की साल निसटणारी, कुबट वासाची मुळं कात्रीने काप. नवी माती घे, तिच्यात जाडसर वाळू आणि थोडं शेणखत मिसळ, झाड लाव आणि आठ दिवस सावलीत ठेव. लावताना एकदाच पाणी दे, पुढचं बोट सांगेल तेव्हा.

मुळं उघडलीस की कापायच्या आधी मला फोटो पाठव. एक जरी पांढरं मूळ दिसलं, तरी तो मोगरा आपण सोडायचा नाही.