सिंफनी ऐकायला जाताना

माझा कान तयार झाला तो रागसंगीताच्या मैफलींवर. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाला ऐकायला जाऊ लागलो आणि पाश्चात्त्य संगीताची गोडी लागली. रेकॉर्डिंगमध्ये वाजलेलं तेवढं ऐकू येतं. सभागृहात ते घडताना दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. रचना आधी ऐकून जा.
उदाहरणार्थ, संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी चाळीसेक मिनिटांची आहे. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यांदा वाजली. आपल्याकडे गायक आलापीतून रागाची सावकाश ओळख करून देतो. इथे तेवढी उसंत नसते. सुरावट येते, दुसऱ्या वाद्याकडे जाते, रूप पालटून परतते. आधीच्या तिन्ही मूव्हमेंटमधल्या, म्हणजे रचनेच्या भागांतल्या, सुरावटी शेवटच्या मूव्हमेंटमध्ये पुन्हा भेटतात. घरी एकदोनदा ऐकून गेलात, तर त्यांना ओळखण्याचा आनंद मिळेल.

२. वेळेआधी जागेवर बसा.
उशीर झाला तर रचनेच्या मध्ये आत सोडत नाहीत, हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं. सुरुवातीला ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एकच सूर धरतं आणि सगळी वाद्यं त्याच्याशी आपला सूर जुळवून घेतात. ओबोचा आवाज अणकुचीदार आणि स्थिर, गर्दीतही वेगळा ऐकू येणारा, म्हणून हा मान त्याचा. तंबोरे लागताना ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला हा क्षण परका वाटणार नाही.

३. पुढच्या रांगेचा हट्ट धरू नका.
इथे माइक नसतो. अगदी पुढे बसलं की जवळची व्हायोलिनं कानावर येतात आणि मागच्या वाद्यांचा तोल हरवतो. बाल्कनीत आवाज एकजीव होऊन पोहोचतो आणि सगळा रंगमंच दिसतो. एका स्टँडवरून दोघे व्हायोलिनवादक वाचतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा क्षणभर थांबून पान उलटतो, बाहेरचा वाजवतच राहतो. बाकीचे वाजवत असताना टिंपनी म्हणजे मोठे नगारे वाजवणारा चामड्याशी कान नेऊन, हलक्या बोटाने टिचकी मारून पुढचा सूर लावून ठेवतो.

४. गप्प बसलेल्यांकडे लक्ष द्या.
बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोनवादक पहिल्या तीन मूव्हमेंटमध्ये एकही सूर वाजवत नाहीत. तिसरीतून चौथी न थांबता उसळते, तेव्हा ते वाद्य ओठांना लावतात आणि सभागृह उजळतं. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांज फक्त एकदा वाजते, तीही शेवटच्या मूव्हमेंटमध्ये. तोवर तो वादक मनात मात्रा मोजत बसलेला असतो. सर्वांसोबत वाजवणं म्हणजे आपली वेळ येईपर्यंत इतरांचं ऐकणं, हे मला या माणसांनी शिकवलं.

५. टाळीसाठी कंडक्टरचे हात पाहा.
दोन मूव्हमेंटच्या मध्ये शांतता पाळतात. कंडक्टर हात खाली घेऊन श्रोत्यांकडे वळला की टाळी द्यावी. मैफलीत जागच्या जागी दाद देणाऱ्या आपल्या मनाला हे जड जातं. पण चुकून टाळी पडली तर शरमू नका. १७७८ साली पॅरिसमध्ये आपल्या सिंफनीच्या मध्येच टाळ्या पडल्या, हे मोझार्टने वडिलांना आनंदाने कळवलं होतं.

६. हे संगीत परकं समजू नका.
मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे जगभर गाजले. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं नोटेशन वाचायला शिकली. त्याच परंपरेतले सेबॅस्टियन डिसोझा आणि मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणारे, झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल गोन्साल्विसांकडे व्हायोलिन शिकले. ज्या गाण्यांवर आपण वाढलो, त्यांतली व्हायोलिनं या हातांनी घडवली.

७. घरातल्या मुलांना सोबत न्या.
सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला. वाद्यवृंद उभा करायला वादक घडवावे लागतात, तो टिकवायला श्रोते. मूल शेवटपर्यंत बसेल का, ही चिंता नको. मध्यंतरापर्यंत रमलं तरी पुष्कळ झालं. पुढच्या वेळी कोणतं वाद्य नीट पाहायचं, ते त्यालाच ठरवू द्या.