मायेचे हात आवरा

कुत्र्याचे सांधे झिजतात ते वयानं, जातीनं आणि जन्मजात घडणीनं. ते आपल्या हातात फारसं नसतं. पण पुढचे हाल बरेचदा घरातल्यांच्या मायेनं होतात, आणि माया आवरणं औषधपाण्यापेक्षा अवघड जातं.

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा मुळात सैल असण्याचं प्रमाण जास्त. हाड खोबणीत घट्ट बसत नाही, हलत राहतं, कूर्चा झिजते आणि संधिवात मागे लागतो. नऊ वर्षांचा झाल्यावर बंड्यानं दिवाणावर उडी मारणं सोडलं. घरात सगळे म्हणाले, शहाणा झाला! उठताना तो आधी पुढचे पाय रोवायचा, जरा थांबायचा, मग मागचा भाग कसाबसा वर घ्यायचा. चार पावलं टाकली की चाल मोकळी व्हायची, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. सांधे दुखतात म्हणून कुत्रं सहसा केकाटत नाही. त्यानं काय काय करायचं सोडलंय, ते बघावं लागतं. जिना, उडी, दारापर्यंत धावत येणं. एकच सांधा सारखा चाटणं, कमरेला हात लागला की गुरगुरणं, याही त्याच खुणा.

एका पावसाळ्यात त्याचं लंगडणं वाढलं. मी तेव्हा माहेरी होते. सासूबाईंना स्वतःला गुडघेदुखी, त्यामुळे त्याचे हाल त्यांना बघवेनात. त्यांनी आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेनची गोळी गुळात घालून त्याला चारली. तो जरा हिंडला-फिरला, म्हणून पुन्हा दिली. मी परतले तेव्हा त्याचं खाणं बंद, उलट्या चालू आणि शी डांबरासारखी काळी, चिकट. अशी शी म्हणजे पोटात रक्तस्राव. सलाइन लावलं, मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. बंड्या वाचला. सासूबाई त्याच्या अंथरुणापासून हलत नव्हत्या, त्यांना काय बोलणार!

आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या शरीरातून माणसापेक्षा सावकाश बाहेर पडतं आणि जठराचं अस्तर नि मूत्रपिंड दोन्हींवर घाला घालतं. डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन यांचंही तेच. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांच्या मरणामुळे, पण माणसांची गोळी घरोघरी असतेच. सगळ्यात फसवं मेलोक्सिकॅम. ते माणसांनाही देतात, कुत्र्यांनाही. पण तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३ मिलिग्रॅम पुरतं, आणि माणसांची गोळी येते साडेसात किंवा पंधराची. नाव एक आहे म्हणून औषध एक होत नाही. पशुवैद्य आधी रक्त तपासून यकृत-मूत्रपिंड बघतात, मग कारप्रोफेन किंवा मेलोक्सिकॅम मापून लिहून देतात. ते पोटात अन्न असताना द्यायचं, आणि त्याच्या जोडीला दुसरं वेदनाशामक किंवा स्टेरॉइड कदापि नाही. उलटी झाली, भूक गेली किंवा शी काळी दिसली, तर पुढची गोळी थांबवून आधी फोन करायचा.

औषधाइतकंच काम फरशी करते. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि दुखरा सांधा पुन्हा मुरगळतो. आम्ही पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत रबरी मॅट टाकल्या. नखं कापायची, पंजाच्या गाद्यांमधले केसही. जिना उतरताना पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागच्या पायांवर भार येत नाही. फिरणं बंद करू नये, नाहीतर मांडीचे स्नायू वाळतात. एकदम लांबची रपेट नको, थोडं थोडं पण रोज. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांचा उपयोग होतो याचा पुरावा तोकडा आहे. माझं मत विचाराल, तर ते पैसे मॅटवर घाला.

आता खरी लढाई, वजन. चरबीचा सांध्यावर नुसता भार पडत नाही, तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यंही पाझरतात. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरचा जन्मभर अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे मध्यमानानं १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. सांध्यांचा आजारही त्यांना उशिरा जडला. आपल्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून हलका हात फिरवा. दाबावं लागलं, तर वजन जास्त आहे.

बंड्याच्या बरगड्या हाताला लागतच नव्हत्या. वाडग्यात तर मोजून पडायचं. मग सासऱ्यांचं चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट, मुलाच्या ताटातली पोळी, कामाच्या मावशींनी प्रेमानं दिलेली भाकरी, असा हिशोब लागला. तीस किलोच्या वयस्क लॅब्रॅडॉरला दिवसाला हजार-अकराशे कॅलरी पुरतात, आणि तूप लावलेली एक पोळीच शंभराच्या वर जाते. बोलून कुणी ऐकेना. शेवटी पशुवैद्यांनी सुचवलेला तोडगा चालला. सकाळी दिवसभराचं सगळं खाणं मोजून एका बरणीत काढायचं. ज्याला माया येईल त्यानं त्यातलंच द्यायचं, बरणी रिकामी झाली की संपलं. काकडीच्या फोडींना तेवढी मुभा. वजन हळूहळू उतरलं आणि गोळीचं माप डॉक्टरांनीच कमी केलं. दूधवाल्याला तेवढं समजवायचं राहिलंय, तो अजून खिशात बिस्किट घेऊनच येतो.