पिसाळ रोगाच्या निदानात चकाकणारा रंग

पिसाळलेला कुत्रा चावल्यानंतर काही आठवड्यांनी गाय किंवा म्हैस चारा सोडते, एकसारखी हंबरते व लाळ गाळते. घशात काही अडकले असावे अशा समजुतीने मालक तिच्या तोंडात हात घालतो. हातावर बारीकशी चीर असली तरी लाळेतील विषाणू तीतून शरीरात शिरू शकतो. माणसात या रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू बहुधा टळत नाही. म्हणून जनावर कशाने दगावले याचा निर्णय त्वरित होणे अगत्याचे असते.

पूर्वी मृत जनावराच्या मेंदूत निग्रीपिंडे शोधीत. इटलीतील निग्री यांनी त्यांचे वर्णन १९०३ साली केले. परंतु कित्येक पिसाळलेल्या जनावरांत ती सापडतच नाहीत. त्यामुळे पिंडे नाहीत म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नसे. ही उणीव एका रंगाने भरून काढली.

शरीरात रोगजंतू शिरला असता रक्तात त्याला ओळखून त्यालाच चिकटणारी प्रथिने तयार होतात. त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. अमेरिकेतील अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली प्रतिपिंडांस चकाकणारे द्रव्य जोडून दाखविले, आणि १९५८ साली ही रीत पिसाळ रोगाच्या निदानास लावण्यात आली. यासाठी बहुधा फ्लुओरेसिन आयसोथायोसायनेट हा रंग घेतात. तो निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. कापडावर रंग चढावा तसा तो वरवर बसत नाही. प्रथिनातील लायसिन या घटकाशी रासायनिक बंधाने जखडला जातो. प्रमाण मात्र बेताचे हवे. रंग अधिक झाल्यास प्रतिपिंडाची ओळखण्याची शक्ती मंदावते व भलत्याच जागी चमक दिसू लागते. न जोडला गेलेला रंगही वेगळा काढावा लागतो.

मेंदूचा पातळ ठसा काचपट्टीवर घेऊन तो ॲसिटोनमध्ये स्थिर करतात, त्यावर रंगविलेली प्रतिपिंडे सोडतात व काही वेळाने पट्टी धुतात. विषाणूची प्रथिने असतील तेथेच रंग टिकून राहतो आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात हिरवे ठिपके उजळतात. काही तासांत उत्तर हाती येते.

मेंदू कुजला असेल तर या उत्तरावर विसंबता येत नाही. यास्तव जनावर मरताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कुऱ्हाडीने कवटी फोडण्याचे धाडस कोणीही करू नये. नमुना पशुवैद्यच काढून बर्फात पाठवितात. लाळेचा संपर्क झालेल्या सर्वांची नावे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी लिहून घ्यावीत. त्यांनी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता सरकारी रुग्णालयात लसीसाठी जावे.