दोघांची तलावांची सहल

माणसे घर सोडून बाहेर पडतात ती कामासाठी. कुणी बाजाराला जातो, कुणी दवाखान्यात जातो, कुणी तहसील कचेरीत जातो. लग्नाला जातात, तेरवीला जातात. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जातात. पण नवराबायको दोघेच, काही काम नसताना, आपला मुलूख पाहायला निघाले, असे फार थोडे घडते. वीस-वीस वर्षे एका घरात काढूनही दोघांना निवांत बोलायला वेळ मिळालेला नसतो. शेत, गुरे, पोरे, म्हातारी माणसे यांतच दिवस जातो.

या पाठात आम्ही एका सहलीचा बेत मांडत आहोत. सहल तीन दिवसांची आहे. मार्कंड्याहून निघायचे, तलाव पाहायचे आणि परत यायचे. हा बेत कागदावर लिहायचा आहे. आपल्याला लिहिता-वाचता येऊ लागले, त्याचा हाही एक उपयोग आहे.

आपला तलावांचा मुलूख

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे धानाचे जिल्हे. धानाला पाणी फार लागते. पाऊस भरपूर पडतो, पण चार महिन्यांत पडतो आणि वाहून जातो. म्हणून जुन्या लोकांनी उताराला मातीची पाळ घातली आणि पाणी अडवले. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत ठेवली होती, असे सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे लोक मोठे वाकबगार होते. भंडारा-गोंदियाकडे त्यांचे नाव अजून घेतात.

पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. 'माजी' मधला मा आणि 'मालगुजारी' मधला मा घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. लहान तलावाला आपण बोडी म्हणतो. इंग्रज अमदानीत घोडाझरी, आसोलामेंढा, नलेश्वर असे मोठे तलाव बांधले गेले. त्यांच्या कालव्यांवर आजही धान पिकतो.

म्हणजे हे पाणी देवाने नुसते ठेवलेले नाही. माणसांनी टोपल्यांनी माती वाहून ते अडवले आहे. पाळीवर उभे राहाल तेव्हा हे ध्यानात आणा.

बेत दोघांनी करायचा

एकाने ठरवले आणि दुसरी मागे बसली, अशी सहल नको. घरात बोलणे बहुधा असे होते :

"तीन दिवस जायचं म्हणता, मग बकऱ्या कोण पाहील?"

"वहिनी पाहते म्हणाली. मागच्या साली तिच्या पोराला तू आठ दिवस ठेवली होतीस ना."

"अन् खर्च? मी तर कधी मूलच्या पलीकडे गेली नाही. तिकडं कसं, काय, मला काही माहीत नाही."

"मलाही माहीत नाही. कागद आण. तू सांग, मी लिहितो. नाहीतर मी सांगतो, तू लिही."

ही चांगली सुरुवात आहे. बाईच्या मनात घराची काळजी असते. ती काळजी आधी कागदावर लिहा आणि तिची सोय करा. मग तिला सहलीत सुख लागेल.

केव्हा जावे

धान कापून, चुरून घरात आला की डिसेंबर-जानेवारीत जावे. तेव्हा हवा थंड असते आणि तलावात पाणी असते. दूरदेशीची बदके त्या वेळी पाण्यावर उतरतात. उन्हाळ्यात बोड्या आटतात. पावसाळ्यात रस्ते निसरडे होतात, नाल्यांना पूर येतो.

कसे जावे

पहिला दिवस : सकाळी मार्कंड्याचे देऊळ पाहावे. दक्षिणेला वाहणारी वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून हे ठिकाण पवित्र मानतात. देवळाच्या दगडी भिंतींवरची कोरीव चित्रे शेकडो वर्षांपूर्वीची आहेत. मग वैनगंगेचा पूल ओलांडून मूलला जावे. मूलहून विचारत विचारत सावली तालुक्यातल्या पाथरीकडे जावे. तिथे जवळच आसोलामेंढा तलाव आहे. रात्री सिंदेवाहीला मुक्काम करावा.

दुसरा दिवस : सिंदेवाहीहून नागभीडच्या रस्त्याने घोडाझरीला जावे. हा तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे. इथल्या जंगलाला २०१८ साली अभयारण्य ठरवले. इथे घाई करू नये. पाळीवर बसावे, घरची भाकर खावी, पाण्याकडे पाहावे. सगळा दिवस एकाच तलावावर गेला तरी चालेल. रात्री नागभीडला मुक्काम करावा.

तिसरा दिवस : नागभीडहून सिंदेवाही, मूल करत सरळ घरी यावे. पोरांसाठी काही खाऊ घ्यावा.

सगळे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर होते. फटफटीवर दोघे आरामात जाऊ शकतात. हेल्मेट दोघांनीही घालावे. फटफटी नसेल तर एस. टी. आहे. मूल, सिंदेवाही आणि नागभीड इथे रेल्वेचे स्टेशनही आहे. एस. टी. मध्ये बायांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट पडते.

खर्चाचा हिशेब

हिशेब समजावा म्हणून आम्ही काही आकडे धरले आहेत. तुम्ही आपल्याकडचे भाव घाला.

पेट्रोल ५ लिटर, दर १०५ रुपये : ५२५ रुपये
जेवण व चहा, रोज ४०० रुपये, ३ दिवस : १,२०० रुपये
खोलीभाडे, रोज ८०० रुपये, २ रात्री : १,६०० रुपये
किरकोळ : २०० रुपये
अडीअडचणीला : ५०० रुपये
एकूण : ४,०२५ रुपये

एकदम चार हजार काढणे जड जाते. पण महिन्याला ३४० रुपये बाजूला टाकले तर वर्षाला ४,०८० रुपये होतात. डब्यावर चिठ्ठी लावा : 'तलावांची सहल'. सहलीसाठी कर्ज मात्र काढू नका.

जिवाला जपा

दोन गोष्टींत हयगय नको.

पहिली, पाणी. तलाव वरून शांत दिसतो. आत गाळ असतो, एकदम खोल खड्डे असतात. मार्च २०२५ मध्ये घोडाझरीत पोहायला गेलेली पाच तरुण मुले बुडाली. एक बुडू लागला की दुसरा त्याला धरायला जातो आणि दोघेही जातात. म्हणून अनोळखी तलावात उतरू नये. फोटोसाठी पाळीच्या निसरड्या कडेला जाऊ नये. कुणी बुडत असेल तर त्याला दोर, लुगडे किंवा लांब काठी टाकावी आणि हाका मारून माणसे जमवावी.

दुसरी, वाघ. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड या तालुक्यांच्या जंगलात वाघ आहे. मोहफुलाला, तेंदूपानाला गेलेली किती माणसे गेली, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून सकाळी नऊच्या आत निघू नये आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचावे. जंगलात रस्ता सोडून झुडपात जाऊ नये. रस्त्यात जनावर दिसले तर लांबच थांबावे. ते आपल्या वाटेने निघून जाते.

सोबत काय घ्यावे, त्याची यादी करा : आधार कार्ड, औषधे, पाणी, चादर, बॅटरी, थोडे सुटे पैसे. घरचा आणि मुक्कामाचा फोन नंबर कागदावर लिहून दोघांनीही जवळ ठेवावा. मोबाइल बंद पडतो, कागद बंद पडत नाही. खोलीची चौकशी निघण्याआधीच फोनने करावी.

तलावावर प्लास्टिक टाकू नये. त्या पाण्यावर ढिवरांची मासोळी जगते आणि शेतकऱ्याचा धान पिकतो.

सहलीहून आले की एका वहीत चार ओळी लिहा. काय पाहिले, किती खर्च झाला, कोणती गोष्ट आवडली. एक ओळ त्याने लिहावी, एक ओळ तिने लिहावी. पुढच्या साली शेजारी विचारायला येतील, तेव्हा ती वही त्यांच्या हातात द्या.

प्रश्न

१. तलावांना 'मामा तलाव' का म्हणतात?
२. सहलीला डिसेंबर-जानेवारीत का जावे?
३. बुडणाऱ्या माणसाला कसे वाचवावे?
४. तुमच्या गावात तलाव किंवा बोडी आहे का? ती कुणी बांधली, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.
५. तुमच्या घरच्या दोघांसाठी एका दिवसाच्या सहलीचा बेत आणि खर्च लिहून काढा.