जांभळ्याचा चिखल

सातारा, रविवार

चि. ओम यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. तीन रविवार तू चित्रकलेच्या क्लासची पिशवी घेऊन निघतोस, मैदानावर बसतोस आणि क्लास सुटायच्या वेळेला घरी येतोस, असं तिला शेजारून कळलं. खरं आहे का हे? सरांनी तुझ्या कागदाला चिखल म्हटलं, एवढ्यावरून? इंटरमिजिएटची परीक्षा तोंडावर आली आहे. आणि घरी खोटं सांगायचं, हे आपल्याकडे कुणी केलेलं नाही.

आता मला सांग, जांभळ्यासाठी लाल कुठला घेतलास? व्हर्मिलियनच असणार. त्यात पिवळ्याची झाक असते, आणि पिवळा जांभळ्याला मारतो. मग निळा कितीही घाल, तपकिरीच होणार. क्रिमसन घे, त्यात अल्ट्रामरीन, ब्रशच्या टोकाला येईल एवढंच. हिरव्याला आधी लेमन यलो, मग कणभर प्रशियन ब्लू. उलट केलंस तर पिवळ्याची अख्खी ट्यूब जाईल. पाण्याची भांडी दोन ठेव. ब्रश धुतलेलं गढूळ पाणी रंगात गेलं की संपलं.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं रे. सातवीत मी बशीभर जांभळं काढली होती. सरांनी कागद वर धरला आणि म्हणाले, 'या शेणाच्या गोळ्या.' वर्ग हसला. एलिमेंटरी कशीबशी दिली, पण इंटरमिजिएटचा फॉर्म भरलाच नाही. अण्णांना सांगितलं, अभ्यास फार आहे. म्हणजे खोटं मीही बोलले होते. वर लिहिलेलं ते वाक्य खोडून टाक.

अण्णा मला बैठकीत लावलेल्या, चित्रकार हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रापुढे उभी करायचे. 'जलरंग आहे हा, बोटांच्या कडा बघ कशा पेटल्यात,' म्हणायचे. फॉर्मचं सांगितल्यावर त्यांनी मला तिथे कधी बोलावलं नाही.

चाळिशी उलटल्यावर एकदा क्रिमसनची ट्यूब आणली. स्वयंपाकघरातच तो रंग निळ्यात कालवला आणि पहिल्या फटकाऱ्याला जांभळा उतरला. गॅस बंद करून कितीतरी वेळ रडत होते. तुझ्या क्लासचं ऐकलं आणि रात्रभर तेच आठवत राहिलं.

येत्या रविवारी जाशील ना? नाहीच जाववलं तर मैदानावर एकटा बसू नकोस. स्वारगेटहून सकाळची एसटी पकड आणि इकडे ये. चिनी मातीची डिश घासून ठेवली आहे. तो चिखलाचा कागद फाडला नसशील तर घेऊन ये. मला बघायचा आहे.

तुझी,
आत्या